पिकअपमधला दवाखाना

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी निफाडकडे आमचं घर मळ्यात. बाप एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला, हाक मारायची तर पोटातूनच मारावी लागायची. लग्न होऊन नाशिकला मखमलाबादच्या बाजूला आले, तेव्हा सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "सूनबाई, आम्ही बहिरे नाय गं." त्याला वीस वर्षं झाली. आता त्यांना खरंच थोडं कमी ऐकू येतं आणि त्याचं खापर त्या माझ्यावरच फोडतात.

अशा घरात माझी मुलगी गप्प झाली.

एकदम नाही झाली. अकरावीला कॉलेज रोडला ॲडमिशन मिळाली तेव्हा नुसती टकळी चालू असायची. दिवाळीनंतर बोलणं आटत गेलं. जेवलीस का? "हो." काय झालं? "काही नाही." मग सकाळी पोटात दुखायला लागलं, तेही नेमकं कॉलेजच्या दिवशी. आठवड्यातून एकदा, मग तीनदा, आणि जानेवारीत तर तिनं सॅकच उचलली नाही. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, लघवी झाली. आमच्या डॉक्टरांनी सगळे कागद बघितले आणि म्हणाले, "पोट छान आहे. पोरीला कुणाशी तरी बोलायला हवं."

मला रागच आला. म्हटलं, "मग मी काय मुकी आहे का?"

"तुम्ही मुक्या नाही, म्हणूनच म्हणतोय," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं. पण त्यांचा दवाखाना भर रस्त्यावर, खाली मिठाईचं दुकान. आमच्या भाऊकीतला माणूस त्या दुकानात नाही असा तास जात नाही. मुलगी म्हणाली, "मी त्या जिन्यानं चढणार नाही." चार दिवसांत तिनं बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य, त्यामुळे मी लगेच मान्य केलं. मग डॉक्टरांनीच दुसरी वाट काढली. पुण्याच्या एक मॅडम फक्त मोठ्या होणाऱ्या मुलामुलींशी बोलतात, तेही मोबाईलवर, समोरासमोर दिसत. दर रविवारी अकरा ते पावणेबारा.

सासूबाईंना हे पटेना. "मोबाईलनंच पोरगी बिघडली म्हणता, अन् औषध पण मोबाईलातच हाय?" 

पहिल्या रविवारी मॅडम म्हणाल्या, आधी दहा मिनिटं पालकांशी बोलूया. मी मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला आणि सुरुवात केली. मुलगी सातव्या महिन्यात रांगायला लागली इथपासून. मध्ये तिची दहावी आली, माझी ॲसिडिटी आली, सासूबाईंचा स्वभाव आला, तो येताना सासूबाई मागच्या पलंगावरच होत्या हे मी विसरले. मॅडम फार शांत बाई. चाळीस मिनिटांनी म्हणाल्या, "ताई, आता आपण तिच्याशी बोलूया का?"

"बोला ना. मी इथंच बसते."

"ती एकटी असेल तर बरं. आणि तिनं मला काय सांगितलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही हं. तिच्या जिवाला धोका वाटला, तरच सांगेन."

हे मला फार लागलं. मी जन्म दिलाय, नऊ महिने पोटात बाळगलंय, आणि पुण्याची बाई मला सांगणार नाही! पण जिवाला धोका? तोवर मी तसा विचारच केला नव्हता. त्या दिवसापासून मी दर दोन तासांनी तिच्या खोलीत काही ना काही कारण काढून डोकवायला लागले. एकदा तर मोकळं ताट घेऊन गेले आणि तेच परत घेऊन आले.

आता प्रश्न असा की एकटी म्हणजे कुठे? आमच्या घरात माणसं सात आणि दारं तीन. त्यातलं एक पुढचं, एक मागचं, एक मोरीचं. बाकी सगळे पडदे. आमच्याकडे दार लावून बसलेलं माणूस म्हणजे रुसलेलं तरी किंवा कपडे बदलणारं तरी. शेवटी आमच्या ह्यांना सुचलं. म्हणाले, "पिकअपमध्ये बसव. काचा लागतात, आतून लॉक होतं."

पिकअप म्हणजे आमची भाजीची गाडी. लॉकडाऊनमध्ये मार्केट यार्ड बंद पडलं, वांगी झाडाला पिकून पिवळी पडली, तेव्हा आम्ही गाडी काढून सोसायट्यांमध्ये जायला लागलो. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा. तेव्हापासून ते चालूच आहे. आठवड्याचे सहा दिवस गाडी फिरते आणि रविवारी अंगणात चिंचेखाली उभी असते. तर रविवारचा दवाखाना तिथे भरायला लागला.

पहिल्या वेळी मी गाडी धुवायला घेतली. खोटं कशाला बोलू, मला ऐकायचं होतं. पाणी सोडलेली नळी घेऊन मागच्या चाकाशी गेले, तर तिथे आमचे हे वाकून टायरची हवा बघत होते. टायर हातानं दाबून दाबून बघत होते, पण कान काचेला. पलीकडून मेथीच्या काड्यांचा आवाज आला. सासूबाई पाट टाकून अगदी दाराखाली मेथी निवडत बसलेल्या, बहिऱ्या बाई! आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय, तोवर काच खाली आली. मुलगी म्हणाली, "मॅडम विचारताहेत, पाऊस पडतोय का."

तेव्हा नियम झाला. गाडीपासून वीस पावलं कुणी यायचं नाही. सासूबाईंनी डब्यातली रांगोळी घेऊन स्वतः रेघ मारली आणि रेघेच्या बरोब्बर अलीकडे खुर्ची टाकून बसल्या, राखणीला. कोंबडी पलीकडे गेली तरी हाकलायच्या. तीन रविवार असे पार पडले. मुलगी गाडीतून उतरायची, पाणी प्यायची आणि आत जायची. एकदा आपणहून भात वाढून घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि कांदा चिरत होते असं सांगितलं. पण कॉलेजचं नाव काढलं की चेहरा परत दगड. वार्षिक परीक्षा महिन्यावर आलेली, आणि परीक्षेला बसली नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर ही त्या खोलीतून कधी बाहेर येणार, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आता भोंग्याचं सांगायला हवं. गाडीच्या टपावर भोंगा आहे, तो नसला तर चौथ्या मजल्यावरच्या बाईला कसं कळणार की खाली भाजी आलीय? त्या भोंग्यावर जी टेप वाजते, ती माझ्या लेकीच्या आवाजातली. बारा वर्षांची होती तेव्हा. ऑनलाइन शाळेसाठी घेतलेल्या मोबाईलवर तिनंच टेप केली, शब्दही तिचेच: "काकू, मावशी, आजी, पिशवी घेऊन खाली या! आमच्या शेतातली भाजी आली! मेथी कोवळी, गवार कोवळी, आई म्हणते भाव करू नका, बाबा म्हणतात थोडा करा!" पहिले दोन महिने तिचाच मोबाईल ब्लूटूथनं भोंग्याला जोडून वाजवली, मग पेन ड्राइव्हवर घेतली. लोक नुसती ती टेप ऐकायला गॅलरीत यायचे. सोसायट्यांमधल्या बायका मला विचारायच्या, "कुणाचा हो हा गोड आवाज?" आणि मी फुगून सांगायची, "आमच्याच पोरीचा." पाच वर्षं ती टेप आम्ही बदलली नाही. बदलायची कशाला?

चौथा रविवार मार्चातला. ऊन रणरणायला लागलेलं, बंद काचांत बसायचं म्हणजे भट्टी. मुलीनं चावी मागितली, समोरचा छोटा पंखा लावायला. ह्यांनी दिली. आदल्या दिवशी भोंग्याच्या मशीनचं बटण बंद करायचं राहिलेलं, ते ह्यांच्याही लक्षात नाही, माझ्याही नाही. चावी फिरली, पंखा लागला, मशीन लागलं. आणि मशीननं आपल्या जुन्या मोबाईलला ओळखलं.

मी दारापुढच्या ओट्यावर भोपळे पुसत होते. अंगणात जाऊबाई आणि झेंडूच्या तोडणीला आलेल्या दोघी चहा पीत होत्या. टपावरून एक इंग्रजी बाई म्हणाली, "कनेक्टेड." आणि मग पुण्याच्या मॅडम, त्याच शांत आवाजात, पण साऱ्या मखमलाबादला ऐकू जाईल अशा:

"म्हणजे तू उत्तर द्यायला उभी राहिलीस की मागच्या बाकांवरची त्या सोसायट्यांमधली मुलं 'पिशवी घेऊन खाली या' ओरडतात. बरोबर समजले ना मी?"

माझ्या हातातला भोपळा खाली पडला.

"आणि आईला हे सांगता येत नाही, कारण आईला त्या आवाजाचा फार अभिमान आहे. एकदा सांगायला गेलीस, तर आई हसली."

काचेतून दिसत होतं, पोरगी मोबाईल हातात घेऊन थिजलेली. मॅडमना बिचाऱ्यांना कुठून कळणार? त्या पुढचं वाक्य सुरू करणार, जाऊबाईंचा चहाचा कप अर्ध्यात थांबलेला, समोरच्या नव्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांत माणसं यायला लागलेली. मला दुसरं काही सुचलं नाही. मी कंबरेवर हात ठेवले आणि माहेरच्या मळ्यातला आवाज काढला:

"ए भोपळाऽऽ! लाल भोपळा! गवाऽऽर! वांगी घ्या, वांगीऽऽ!"

देवाशपथ सांगते, भोंगा झाकला मी. मॅडम वरून काहीतरी बोलताहेत आणि मी खालून दोडक्यापासून अळूपर्यंत, त्या दिवशी घरात नसलेल्या भाज्याही ओरडतेय. तेवढ्यात ह्यांनी धावत येऊन टपावर चढून भोंग्याची वायरच उपटली. एकदम शांत झालं. त्या शांततेत तिसऱ्या मजल्यावरून एक बाई म्हणाली, "आज रविवारी पण? थांबा हं, पिशवी घेऊन आले." चार जणी खाली आल्या. काय करणार, द्यावे लागले भोपळे.

त्या गेल्यावर मी रेघ ओलांडून गाडीशी गेले. दार आतून लॉक. पोरीनं चावी बंद केली होती, पण मोबाईल अजून चालू होता, आतून मॅडमचा बारीक आवाज आला, "ताई भाजी विकताहेत का?" मुलीनं तोंडावर हात धरलेला. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना. बहुतेक दोन्ही चाललेलं. मग तिनं काच दोन बोटं खाली केली.

"तू काय ऐकलंस?"

काही नाही, म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलेलं. पण म्हटलं, "सगळं."

"आता परत नाही. बंद," ती म्हणाली आणि उतरून आत गेली.

ती एकदा सांगायला आली होती, हे मला तिथं उभ्या उभ्या आठवलं. दिवाळीनंतरची गोष्ट. मी पालकाच्या जुड्या बांधत होते. म्हणाली, "आई, ती टेप बदलूया का?" मी हसले होते. म्हटलं होतं, "येडी का गं? त्याच्यावर तर खपतंय सगळं." ती आत गेली आणि मी जुड्या मोजत बसले. मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

मग मला त्या पोरांचा राग आला. असा आला, की मी चपला घातल्या. रविवारी कॉलेज बंद असतं, हे मला ह्यांनी फाटकाशी आडवं होऊन सांगावं लागलं. सोमवारी जाते म्हटलं. पण सोमवारी सकाळी मॅडमचा फोन आला. त्यांनी आधी माफी मागितली, मग मी मागितली, मग त्या म्हणाल्या, "ताई, तिला आता काही विचारू नका. कॉलेजातही जाऊ नका. ती आपणहून आली तर फक्त ऐका. सल्ला देऊ नका, मध्ये बोलू नका."

"किती दिवस?"

"ती येईपर्यंत."

मी आठ दिवस काही विचारलं नाही. माझ्या जिवाचं काय झालं ते माझं मला माहीत. जेवायला वाढताना प्रश्न घशापर्यंत यायचा, मी पाणी प्यायची. दिवसाला तीन तांबे पाणी प्यायले असेन. सासूबाई म्हणाल्या, "हिलाच बोलायला मॅडम लागंल आता."

टेप मात्र मी त्या रविवारीच काढली. पेन ड्राइव्ह मोकळा केला. मग नवी टेप ह्यांनी केली, तर ती अशी की इंदिरानगरातल्या लोकांना वाटलं, पाणी येणार नाही म्हणून महापालिकेची गाडी फिरतेय. सगळ्यांनी बादल्या भरून ठेवल्या, भाजी कुणी घेतली नाही. दुसरी मी केली. पहिल्याच सोसायटीत वॉचमन काठी घेऊन आला, म्हणाला, "कुणाचं भांडण चाललंय?" शेवटी आम्ही नुसती घंटी वाजवायला लागलो. बायका विचारायच्या, "अहो, त्या मुलीचा आवाज कुठे गेला? लग्न झालं का तिचं?" मी म्हणायची, "मोठी झाली ती." आणि पटकन वांगी तोलायला घ्यायची.

रविवार आला. अकरा वाजले. पिकअप चिंचेखाली उभी, मोबाईल चार्जिंगला, मुलगी पांघरुणात. सासूबाईंनी तरी रांगोळीची रेघ मारली होती. कुणी गेलं नाही. पावणेबाराला त्या उठल्या आणि खुर्ची आत घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. घरात बाकी कुणी नव्हतं. कानात इअरफोन घालून भांडी घासत होते. मागे कुणी उभं आहे हे मला बराच वेळ कळलं नाही. वळले तर ती.

"काय ऐकतेस?"

"काही नाही. गाणी."

तिनं माझ्या कानातलं एक काढलं आणि स्वतःच्या कानाला लावलं. तिला कळायला वेळ लागायचं कारणच नव्हतं. आजी, पिशवी घेऊन खाली या. आई म्हणते भाव करू नका.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "पेन ड्राइव्हवरून पुसलीय गं. खरंच. ही माझ्या मोबाईलमध्ये राहिलेली. मी कुणाला ऐकवत नाही. माझ्यापुरतीच."

"रोज ऐकतेस?"

मी मान हलवली. रोज ऐकायची. तू बोलत नव्हतीस ना, म्हणून. हे मी बोलले नाही, पण तिला ते ऐकू गेलं असावं. तिचा आवाज चढला. किती महिन्यांनी चढला!

"आई, ती बारा वर्षांची आहे. तिला सगळे ऐकतात. बाबा ऐकतात, सोसायट्या ऐकतात, तू भांडी घासताना ऐकतेस. मी सतराची आहे आणि मी इथं उभी आहे. पूस ती."

माझे हात साबणाचे. ते पदराला पुसले आणि मोबाईल घेतला. खोटं कशाला बोलू, मला पुसवेना. तिच्या मोबाईलमधून तिनं तो कधीच पुसला होता, आता तो आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. आता तिचा आवाज वेगळा झालाय, जाड झालाय, थोडा माझ्यासारखा. मोबाईलनं विचारलं, नक्की पुसायचं का? मी तिच्याकडे बघितलं. तिनं हात पुढे केला नाही, माझ्यावरच सोडलं. मी बटण दाबलं. रडू आलं मला, ते लपवलंही नाही.

तिनं इअरफोन गुंडाळून खिडकीत ठेवला. मग ओट्यावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी, आणि कुकरचं झाकण उगाच फिरवत राहिली.

"तू कॉलेजात येऊन तमाशा करणार नाहीस ना?"

"नाही."

"त्या मुलांच्या आयांना फोन?"

हा विचार माझ्या डोक्यात होताच. म्हटलं, "नाही."

"मध्ये बोलायचं नाही."

मी नुसती मान हलवली.

"मग ऐक," ती म्हणाली. मी नळ बंद केला आणि खाली बसले.